बारा वॅटचा दिवा

मित्रांनो, मी जप्त झालेली एक ई-रिक्षा आहे. जुनी म्हणावे इतके माझे वय नाही, मला अजून सहा वर्षेही पुरी झालेली नाहीत. पण पोलीस ठाण्याच्या आवारात उभ्या राहिलेल्या गाड्या लवकर म्हाताऱ्या होतात. माझ्या एका बाजूला चाक नसलेली मोटारसायकल आहे आणि दुसऱ्या बाजूला वाळूचा ट्रॅक्टर. आमच्या खालून गवत उगवून आता आसनापर्यंत आले आहे. माझ्या काचेवर कोणीतरी पांढऱ्या रंगाने एक आकडा लिहिला आहे. इथे त्याच आकड्याने मला ओळखतात.

मी इथे कशी आले, ते तुम्हाला सांगते. या गोष्टीत कोणी चोर नाही, कोणी दारू प्यालेला नाही. एक चांगला माणूस आहे आणि एक न लावलेला दिवा आहे.

माझा सांगाडा दूरच्या एका शेडमध्ये जोडला गेला. लोखंडी नळ्या, पातळ पत्रा, मागच्या आसाला मोटर आणि प्रवाशांच्या आसनाखाली शिशाच्या चार बॅटऱ्या. मला धुराडे नाही, इंजिन नाही. मी चालू लागले की फक्त टायरखालचे खडे करकरतात. तेव्हा मला या शांतपणाचा अभिमान होता.

ट्रकवर बांधून मला वणीला आणले गेले. तिथल्या दुकानातून पूनमसिंगने मला घरी नेले. तो दारव्ह्याकडच्या एका तांड्यातला. त्याचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडत. त्याच्या वाट्याला मात्र नऊ वर्षे दुसऱ्याच्या जीपचे स्टिअरिंग आले. मग तो बायकोला घेऊन राजूरला आला. ती, रुक्माबाई, हातात हळदकुंकवाचे ताट घेऊन माझ्याभोवती फिरली आणि माझ्या कपाळावर हात ठेवून म्हणाली, "आता हा बैल आपला."

"चारा नाही लागत याले," पूनमसिंग म्हणाला.

"दावं तं लागते. रोज संध्याकाळी वायर लावून बांधा लागन."

तेव्हापासून रोज संध्याकाळी तो मला भिंतीजवळ उभी करून वायर लावी आणि "बांधली" असे आतल्या दिशेला सांगे. सकाळी फडके घेऊन माझा चेहरा पुशी. आमच्या भागात सगळ्या वस्तूंवर कोळशाची भुकटी बसते. पानांवर, दोरीवरच्या कपड्यांवर, दुधाच्या सायीवरही. तो माझी काच पुशी, आरसे पुशी आणि पुढच्या दिव्याची काच तर थुंकी लावून चकचकीत करी. हे मी मुद्दाम सांगते आहे. ज्या दिव्याची काच तो रोज पुसत असे, तो दिवा तो लावत नसे.

राजूर ते वणी हा माझा रस्ता. पाळी संपवून घरी निघालेले खाणकामगार, शाळेच्या मुली, टोपल्या घेतलेल्या बाया माझ्यात बसत. धूर नाही, दणके नाहीत, म्हणून म्हातारी माणसे जीप सोडून माझी वाट पाहत. माझ्या स्प्रिंगांना प्रत्येकाचे वजन कळे. कोण कुठल्या बाजूला बसले, कोण आज आजारी आहे, कोणाची टोपली रिकामी झाली, हे मला पत्र्यापेक्षा स्प्रिंगांनीच जास्त सांगितले.

डावीकडच्या टोकाला नेहमी नानाजी बसत. बारीक, ताठ म्हातारा माणूस, पन्नास-बावन्न किलोंपेक्षा जास्त वजन नाही. राजूरबाहेर रस्त्याच्या एका अंगाला त्यांचे घर होते आणि दुसऱ्या अंगाला गाईचा गोठा. रोज पहाटे ते रस्ता ओलांडून गोठ्यात जात, धार काढत आणि दुधाची कॅन घेऊन परत येत. बाजाराच्या दिवशी त्यांची बायको विमलताई आणि ते माझ्यातून वणीला जात. नानाजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. रस्ता ते कानांनी ओलांडत.

"ट्रक तं मैलावरून सांगते, मी येऊन राह्यलो म्हणून," ते म्हणत. "जीप खोकलत येते. तुही गाडी बाप्पा मांजरीसारखी येते, पूनम."

"मंग घुंगरं बांधू काय, नानाजी?"

"बांध. अन् तूही नाचत ये."

विमलताई पदर सावरत म्हणत, "याईले घरातलं मीठ कुठं हाय ते आजलोक दिसलं नाही. गाडी काय दिसणार हाय?"

सगळे हसत. मीही हसल्यासारखी हलत असे.

तिसऱ्या वर्षी माझ्या बॅटऱ्या थकल्या. एका दुपारी वणीहून येताना चढावर मी बंद पडले. आत सहा माणसे होती आणि मागे कोळशाच्या ट्रकांची रांग. ट्रकवाले हॉर्न वाजवत होते, शिव्या देत होते. पूनमसिंग एकटा मला ढकलत होता आणि प्रवासी उतरून त्याच्याकडे न पाहता पुढे चालत गेले. तेव्हापासून त्याची नजर रस्त्यापेक्षा चार्जिंगच्या काट्यावर जास्त राहू लागली.

स्टँडवर देवीलाल हा सगळ्यांत जुना चालक. त्याने पूनमसिंगला समजावले.

"लाईट कायले लावतं बे? लाईट चार्जिंग खाते."

"सकाळी अंधार राह्यते ना, भाऊ."

"रस्ता तुले पाठ हाय. चढावर गाडी बसली तं लाईट चाटशीन काय?"

स्टँडवरच्या बारा रिक्षा तशाच चालत. हिवाळ्यात तर कोणीच दिवा लावत नसे. त्यालाही कारण होते. थंडीत शिशाच्या बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते आणि तीच बॅटरी कमी अंतर चालते. म्हणून ज्या महिन्यांत धुके पडते, त्याच महिन्यांत चालक दिव्याची सगळ्यांत जास्त काटकसर करत. दिवा लावला की काटा किंचित थरथरे, ते त्यांना दिसे. त्यांच्या मते तोच पुरावा.

मित्रांनो, माझ्या मोटरला चालताना साधारण एक हजार वॅट लागतात. माझ्या पुढच्या दिव्याला बारा. तासभर दिवा लावून ठेवला, तर मी अडीचशे मीटर कमी चालेन. म्हणजे स्टँडपासून पाण्याच्या टाकीपर्यंतचे अंतर. हा हिशोब कोणी कधी केला नव्हता. मला तो येत होता, पण मला सांगता येत नव्हता.

ती जानेवारीची सकाळ होती. उजाडायला थोडा वेळ होता. धुके आणि कोळशाची भुकटी मिसळून हवा राखाडी झाली होती. पूनमसिंग एकटाच, पाळी सुटायच्या वेळेला खाणीच्या फाटकावर पोहोचायला निघाला होता. वेग ताशी अठरा. दिवा बंद.

आधी मला एक पांढरा ठिपका दिसला. ती कॅन होती. मग कानांवर गुंडाळलेला मफलर दिसला. ब्रेक लागला, पण मी थांबले ती त्यांच्या पुढे जाऊन.

दूध काळ्या डांबरावर पसरत गेले. कडांना ते करडे झाले.

पूनमसिंगने खाली बसून त्यांचे डोके मांडीवर घेतले. "नानाजी, ओ नानाजी."

"कोण होय?"

"मी पूनम."

नानाजींनी हात हलवला. त्यांचा आवाज ओशाळल्यासारखा होता. "ऐकूच नाही आलं बाप्पा," ते म्हणाले.

त्यानंतर ते बोलले नाहीत.

घरांच्या बाजूने दारे उघडल्याचे आवाज आले. पावले जवळ येऊ लागली. पूनमसिंग पाण्याची बाटली घ्यायला माझ्याकडे धावला. त्याचा हात आत आला, बाटलीकडे गेला आणि वाटेत दिव्याच्या बटणावर थांबला. खट. माझा दिवा लागला. त्या उजेडात दूध फार पांढरे दिसले.

त्याने हे ठरवून केले, असे मी म्हणणार नाही. ठरवायला त्याच्याकडे वेळच नव्हता. पण लोक आले तेव्हा त्यांना धुक्यात दिवा लावून उभी असलेली रिक्षा दिसली, आणि सगळ्यांनी तेच खरे मानले. नानाजींना माझ्यातूनच दवाखान्यात नेले. ते तिसऱ्या दिवशी गेले. ठाण्यातल्या कागदांत लिहिले गेले: दाट धुके, वृद्धास दृष्टिदोष, वाहनाचा दिवा सुरू. विमलताईंनी कोणावर तक्रार केली नाही. "धुक्यानं नेलं माह्या माणसाले," एवढेच त्या म्हणाल्या. काही आठवड्यांनी मी पुन्हा रस्त्यावर आले.

पण आता तो रस्ता पूर्वीचा राहिला नव्हता.

पूनमसिंग दिवसाही दिवा लावून चालवू लागला. भर दुपारी, कडक उन्हात. स्टँडवर देवीलालने त्याला छेडले, "काहून बे पूनम्या, सूर्य दिसून नाही राह्यला काय तुले?" पूनमसिंग नुसता हसल्यासारखे करी. नानाजी पडले त्या ठिकाणी आलो की तो मला थांबवी. तिथे कोणी उभे नसे. मागून एखादी बाई विचारी, "भाऊ, थांबले काहून? कोण येऊन राह्यलं?" तो म्हणे, "कोणी नाही," आणि तरीही माणूस चढून बसायला लागतो तितका वेळ थांबून मगच निघे.

आणखी एक गोष्ट आहे. त्या ठिकाणी, माझे डावे आसन रिकामे असतानाही, माझी डावी स्प्रिंग थोडी दबे. पन्नास किलो दबावी तितकी. तिथे रस्ता डावीकडे उतरता आहे, त्यामुळे भार त्या बाजूला जातो. मी स्वतःला दर वेळी हे कारण सांगत असे. कारण बरोबर होते. पण दोनशे पावले पुढेही रस्ता तसाच उतरता आहे, आणि तिथे मला काहीही होत नसे.

विमलताई बाजाराला जायच्या थांबल्या नाहीत. त्या डावीकडच्या टोकालाच बसत. पूनमसिंग भाडे घ्यायला तयार नसे. त्या पैसे आसनावर ठेवत. "नाही घेशीन तं मी पायी जाईन," त्या म्हणत. कधी त्या त्याच्यासाठी डब्यात खरवस आणत. "तुही काही चूक नाही, पूनमभाऊ. असा वाळू नको." तो डबा घरापर्यंत माझ्यात बंदच राही. घरी आल्यावर तो रुक्माबाईला देई आणि स्वतः एक घासही घेत नसे.

दहा महिने असे गेले. एका संध्याकाळी त्याने वायर लावली आणि "बांधली" म्हणायचे विसरून तिथेच भिंतीला टेकून बसला. रुक्माबाई बाहेर आली.

"काय लपवून राह्यले तुम्ही?"

त्याने सांगितले. दिवा बंद असल्याचे, मग बटण दाबल्याचे, ठाण्यात खोटे सांगितल्याचे. ती ऐकत माझ्या पायरीवर बसली.

"सांगसान तं गाडी जाईन," ती म्हणाली.

"हो."

"केस होईन."

"हो."

मग ती म्हणाली, "गाडी राहून तरी काय करू मी? गाडी चालवणारा तं तवाच गेला."

पुढच्या बाजाराच्या दिवशी परतताना बाकीचे प्रवासी उतरले आणि विमलताई एकट्या राहिल्या. पूनमसिंगने मला त्यांच्या घरासमोर थांबवले, पण मान मागे वळवली नाही. समोरच्या काचेकडे पाहतच तो बोलला.

"ताई, त्या दिवशी लाईट बंद होता. लोक आले तवा मी लावला."

मागे विमलताईंनी पिशवी मांडीवरून खाली ठेवली.

"काहून बंद होता?"

"चार्जिंग वाचते म्हणून."

"किती वाचते?"

त्याने कधी मोजलेच नव्हते.

त्या उतरल्या. आसनावर पैसे ठेवले आणि घरात गेल्या. पुढचे तीन बाजार त्या जीपने गेल्या. पूनमसिंग रोज त्यांच्या घरावरून जाई आणि रोज ते दार बंद असे.

मग डिसेंबरच्या अखेरीस एका पहाटे, धुके दाट उतरलेले असताना, त्या चालत पूनमसिंगच्या अंगणात आल्या. हातात दुधाची रिकामी कॅन होती.

"गाडी काढ," त्या म्हणाल्या.

त्या ठिकाणी येऊन त्या उतरल्या आणि रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या. "त्या निंबाच्या झाडामागं घेऊन जा. आधी तसाच ये, जसा त्या दिवशी आलता. मंग लाईट लावून ये. मले पाह्यचं हाय, त्याईले दिसला असता का नाही. माह्या डोळ्यातही आता मोतीबिंदूच हाय."

"ताई, हे नका करू."

"हळू ये. ब्रेकवर पाय ठेवून ये. पण ये."

मित्रांनो, मी बरीच वजने वाहिली आहेत. त्या दोन खेपांना मी रिकामी होते, तरी तितकी जड कधीच नव्हते.

पहिल्या खेपेला दिवा बंद होता. आम्ही माणसाच्या चालीने गेलो. धुक्यात त्या मला दिसत नव्हत्या. एकाएकी अगदी जवळून आवाज आला, "दिसला." पूनमसिंगने ब्रेक दाबला, उतरला आणि त्यांच्यापर्यंत पावले मोजली. नऊ.

दुसऱ्या खेपेला त्याने दिवा लावला. आम्ही झाडामागून नुकतेच निघालो होतो, तोच धुक्याच्या पलीकडून, लांबून, तोच आवाज आला. "दिसला." तो उतरून चालू लागला. चालत राहिला. तो पुटपुटत असलेला आकडा मला ऐकू येत होता, मग तोही ऐकू येईनासा झाला. परत आल्यावर त्याने सांगितले. एकाहत्तर.

त्या दिवशीच्या वेगाने नऊ पावले म्हणजे एक सेकंदाहून थोडे जास्त. एकाहत्तर पावले म्हणजे दहा सेकंद. दहा सेकंदांत सावकाश चालणारा म्हातारा माणूसही कडेला परत येतो.

"म्हणजे ते वाचले असते," विमलताई म्हणाल्या.

"हो, ताई."

त्या रस्त्याकडे पाहत राहिल्या. "दिवाळीच्या आधी त्याईच्या ऑपरेशनची तारीख भेटलती. मी म्हटलं, कापूस वेचून झाल्यावर जाऊ. सालभर मी स्वतःले खाऊन राह्यली, पूनमभाऊ. नेलं असतं तं दिसलं असतं, नेलं असतं तं दिसलं असतं. सालभर. अन् तू माह्या हातचा खरवस घेऊन जात होता."

पूनमसिंग खाली बसला. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. कॅन उचलून त्या म्हणाल्या, "माह्याजवळ सांगून भागत नाही. आधी स्टँडवर सांग. मंग ठाण्यात सांग."

त्याच सकाळी तो स्टँडवर गेला. अकरा चालक चहा पीत उभे होते. त्याने उभ्याउभ्या सगळे सांगितले. मग देवीलाल म्हणाला, "येडा झाला काय बे? कोण विचारून राह्यलं तुले? आत जाशीन."

"नऊ पावलं," पूनमसिंग म्हणाला, "अन् लाईट लावला तं एकाहत्तर. जाऊन मोजून या."

देवीलालने अर्धा चहा टाकून दिला. तो आपल्या रिक्षाजवळ गेला आणि दिव्याचे बटण दाबत राहिला. दिवा लागेना. त्याने दिव्याची काच काढून पाहिली. आत बल्बच नव्हता. किती महिन्यांपासून नव्हता, हे त्यालाही आठवेना. तो तसाच, हातात काच धरून, वणीच्या दुकानाकडे पायी निघाला.

दुपारी पूनमसिंगने मला या आवारात आणून उभी केली. आत जाऊन सगळे सांगितले आणि चावी टेबलावर ठेवली. बाहेर येऊन त्याने पुन्हा एकदा माझ्या दिव्याची काच पुसली आणि निघून गेला.

आता त्याच्यावर खटला चालू आहे. तारखांना तो येतो. परवाना गेला आहे, म्हणून तो खाणीजवळच्या वजनकाट्यावर मजुरी करतो आणि रुक्माबाई भाजी विकते. त्यांचे बरे चालले आहे, असे मी सांगणार नाही. मात्र मागच्या तारखेला तो माझ्याजवळ उभा होता, तेव्हा रुक्माबाईने दिलेली भाकर त्याने माझ्या पायरीवर बसून सगळी खाल्ली. विमलताईंनी त्याला माफ केले की नाही, ते मला माहीत नाही. त्या ठाण्यात आल्या, त्यांनी नवा जबाब दिला आणि जाताना माझ्याकडे पाहिले. डोळ्यांवर ऑपरेशननंतरचा काळा चष्मा होता.

माझ्या बॅटऱ्या उभ्याउभ्याच मेल्या. शिशाची बॅटरी वापराविना ठेवली की तिच्या पट्ट्यांवर पांढरे खडे जमतात, आणि मग ती पुन्हा जागी होत नाही. माझा दिवा आता लागत नाही आणि हॉर्नही वाजत नाही.

या आवाराची भिंत बुटकी आहे. तिच्यावरून मला रस्ता दिसतो. धुक्याच्या दिवसांत मी पहाटेपासून मोजत बसते. आवाज नसतो, फक्त एकेक दिवा येतो आणि जातो. काल दहा दिवे गेले. मग धुक्यातून एक रिक्षा गेली, तिला दिवा नव्हता. रस्त्याच्या त्या बाजूला कोणी उभे होते की नाही, ते मला भिंतीमुळे दिसले नाही.

मित्रांनो, तुम्ही शाळेत जाताना माझ्यासारख्या कोणात बसाल, तेव्हा आत चढण्याआधी पुढे जाऊन पाहा. दिवा बंद असेल तर चालकाला म्हणा, "काका, दिवा लावा." ते म्हणतील, चार्जिंग खाते. तुम्ही सांगा, तासाला अडीचशे मीटर. तेवढे अंतर आम्ही चालून जाऊ.

हे तुम्हीच म्हणा. मी काल हॉर्नसाठी पूर्ण जोर लावला होता. माझ्यातून काहीही वाजले नाही.